आधी जुनं जमा

भांडारबाबूंच्या हातून आजवर एक टाचणीही चुकीच्या माणसाकडे गेली नव्हती. हे मी नाही म्हणत, ते स्वतःच म्हणत, आणि कुणी विचारलं नाही तरी म्हणत. कारखान्याच्या भांडारात एका खिडकीमागे त्यांनी चौतीस वर्षं काढली. त्या खिडकीचा कायदा एकच: आधी जुनं जमा करा, मग नवं न्या. झाडू हवाय? झिजलेला आणा. हातमोजे हवेत? फाटके दाखवा. हरवले असतील तर नुसते हात दाखवून उपयोग नाही.

निवृत्त झाले आणि त्यांच्याकडे कुणी काही मागेनासं झालं. घरातले डबे ते ओळीनं लावत, बायको मुकाट्यानं पुन्हा हलवी. दिवस खायला उठे. आपण आता कुणाच्या उपयोगाचे नाही, हे त्यांना आतून फार लागत होतं, पण सांगणार कुणाला?

त्यांची मुलगी एका मंडळाबरोबर दरवर्षी खेड्यातल्या शाळांमध्ये दप्तरं, वह्या आणि बूट वाटायला जायची. मागल्या वर्षी वाटपाचा पार बोजवारा उडाला होता. कुणाला दोन-दोन दप्तरं, तर कुणाच्या हातात नुसतं खोडरबर. हे कानावर पडताच बाबू ताठ बसले.

"वाटप माझ्याकडे दे. एक पेन्सिल इकडची तिकडे झाली तर नाव बदलून ठेव माझं."

मुलगी जरा घुटमळली. मग म्हणाली, एवढं नीट पार पडलं तर मंडळाचं अख्खं भांडारच तुमच्या हवाली करू. त्या दिवसापासून बाबूंना दोन घास जास्त जाऊ लागले.

शाळा दोन खोल्यांची होती. एका खोलीला रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती. ती बघून बाबू हरखलेच. टेबल ओढून ते खिडकीमागे बसले, नवी दप्तरं पाठीशी रचली आणि पोरांची रांग बाहेर लावली. मुलगी आणि शाळेच्या बाई दुसऱ्या खोलीत धाकट्यांच्या बुटांची मापं घेत होत्या, त्यामुळे इकडे बघायला कुणी नव्हतं. पहिला मुलगा खिडकीशी आला आणि बाबूंच्या तोंडून चौतीस वर्षांची सवय बाहेर पडली.

"जुनं?"

पोराला वाटलं, पाहुण्यांची काही रीत असेल. त्यानं वह्या काढून पोटाशी धरल्या आणि जुनं दप्तर खिडकीवर ठेवलं. झालं, पुढच्याचं बघून मागच्यानं तेच केलं. बाबूंचा हात भराभर चालू लागला. किती दिवसांनी कुणीतरी समोर उभं राहून त्यांच्याकडे काही मागत होतं.

ज्यांच्याकडे दप्तरच नव्हतं, त्यांना बाबूंनी "आधी जुनं आण" म्हणून बाजूला काढलं. ती पोरं घराकडे पळाली आणि हाती लागेल ते घेऊन आली. एकानं उशी उघडी पाडून अभ्रा आणला. दुसऱ्यानं बियाण्याची पिशवी आणली, तीही निम्मी भरलेली. तिसरा आजोबांच्या औषधांची पिशवी घेऊन आला आणि त्याच्यामागून काठी टेकत खुद्द आजोबा आले. पिशवी माझी आहे, असं ते म्हणाले. बाबू म्हणाले, असेल, पोच दाखवा. आजोबांची गोळी घ्यायची वेळ झाली होती, पण पोच काही त्यांच्याकडे नव्हती. हळूहळू आईबाप जमले आणि आवाज चढले. बाबूंना वाटलं, शिस्त बघायला गाव लोटलंय.

शेवटी एक मुलगी राहिली. सहा-सात वर्षांची असेल. दोन पुस्तकं छातीशी धरून उभी होती.

"जुनं?"

"दप्तर नाही मला." मग तिला आठवलं. "घरी एक चादर आहे. पण तिची झोळी बांधलीय, बाळ झोपलंय तिच्यात. उठलं की लगेच आणते. तोवर माझं ठेवाल ना?"

बाबू गप्प आहेत म्हणजे हो म्हणाले, असं समजून पोर घराकडे सुटली.

बाबू तसेच बसून राहिले. ज्याच्याकडे जुनंसुद्धा नाही, त्यालाच तर नव्याची खरी गरज. एवढी साधी गोष्ट चौतीस वर्षांत डोक्यात शिरली नव्हती. किती जणांना आपण रिकाम्या हातांनी परत धाडलं असेल? त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. एक दप्तर उचलून ते खोलीबाहेर पडले आणि पोरीमागे धावत सुटले.

लोकांनी पाहिलं ते एवढंच: जुनं सगळं जमा करून घेतलं आणि आता नवं घेऊन म्हातारा पळाला. मग काय, अख्खी रांग त्यांच्या मागे.

पोर घरात झोळीशेजारी बसली होती. शेजारीण दारात धान्य निवडत बाळावर लक्ष ठेवून होती. बाबू धापा टाकत आत शिरले, मागोमाग गाव येऊन दारात ओरडू लागलं, आणि बाळानं भोकाड पसरलं.

"उठलं," म्हणत पोरीनं बाळ उचलून बाबूंच्या हातात दिलं आणि झोळीची गाठ सोडायला लागली.

"नको, बाळा. राहू दे ती. हे दप्तर तुझंच आहे. काही द्यायचं नाही."

पोरीनं दोनदा विचारून खात्री केली, मग खाली बसून पुस्तकं दप्तरात घालून बघू लागली. एवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबूंची मुलगी आत आली. शाळेत लोक पिशव्या ओढताहेत, मागल्या वर्षीचं परवडलं, असं ती रडकुंडीला येऊन सांगत होती.

"ज्याचं त्याला देऊन टाक," बाबू म्हणाले. "आजोबांची औषधं आधी दे. आणि नवी दप्तरं, रिकाम्या हातांनी आले होते त्यांना पहिली. चुकलं माझं. भांडाराचं विसर, मी त्या लायकीचा नाही."

मुलीनं वडिलांच्या खांद्याकडे पाहिलं. बाळ तिथं मान टाकून गाढ झोपलं होतं.

"चला बाबा, आपली गाडी पाचला निघेल."

पोरीनं दप्तरातून मान वर काढली.

"आजोबा, आता त्याला खाली ठेवलं की परत उठेल. आई येईपर्यंत असेच उभे राहाल?"

"कधी येते आई?"

"सात वाजता."

बाबू उभे राहिले.