बैल डब्यात, मालक रुळावर

तुळशीरामनं साऱ्या गावाला बजावून सांगितलं होतं, "माझी जोडी पायी येनार नाही! रेल्वेनं येईन!"

नवं महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती. मेहकरकडची ही पांढरीशुभ्र बैलजोडी त्यानं आठ मैलांवरच्या बाजारात घेऊन ठेवली होती आणि पोळा दोन दिवसांवर होता.

"आठ मैल तं हाये. हाकत आना ना," बायको जनकाबाई म्हणाली.

"पोळ्यात धुळीनं माखलेले बैल मिरवू काय वो?" तुळशीराम उसळला.

ही आठ मैलांची लाईन इंग्रज साहेबानं बाजारातला कापूस उचलायला टाकलेली. कापसाच्या दिवसांत पंधरा डबे धावायचे, एरवी मन झालं तर एखादा. इंजिन एवढं म्हातारं, की चढाला लागलं की शेळ्या त्याच्या पुढं निघून जायच्या!

सकाळी नऊची गाडी दुपारी दोनला हलली. बैल मालडब्यात, आणि मागच्या डब्यात गार्ड महादेवरावांशेजारी तुळशीराम, नवरदेवासारखा ताठ! गाव अर्ध्या मैलावर आलं आणि गाडी थांबली.

"काऊन थांबली?"

"इंजिनातलं पाणी संपत आलं," महादेवराव म्हणाले.

इंजिन एकटंच स्टेशनात पाणी प्यायला गेलं आणि तिथंच विझलं! ड्रायव्हर फायरमनला घेऊन पायी परत आला. "आता उद्याच पेटन!"

"उद्या पोळा हाये! उतरवा माझे बैल!"

"इथं उतरवले तर पाय मोडतील," महादेवराव म्हणाले. "डबा छातीएवढा उंच आहे. मालधक्का स्टेशनात."

"मंग न्या स्टेशनात!"

"नेऊ की. ओढा."

तुळशीरामचं टाळकंच सरकलं. भाडं भरलं त्यानं, आणि ओढायचंही त्यानंच? पण करतो काय! मालडबा मागच्या डब्यापासून सोडवला आणि ड्रायव्हर, फायरमन आणि रुळावरचे दोघे गँगमन तो मागून ढकलायला लागले. पुढं दोर बांधून तो तुळशीरामच्या खांद्यावर दिला. बैल त्याचे ना!

महादेवराव हिरवा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढं.

"गार्डसाहेब, हात लावा ना!"

"मग झेंडा कोण दाखवील? नियम आहे!"

"कोनाले दाखवता? समोर कोनी हाये काय?"

"नाही. म्हणूनच हिरवा आहे!"

डबा हलला. दारातून दोन्ही बैल रवंथ करत मालकाकडं बघत होते, पाटलासारखे! तेवढ्यात उतार लागला. दोर सैल पडला, डबा आपोआप पळायला लागला आणि त्याच्यापुढं तुळशीराम! महादेवराव लाल झेंडा काढून बोंबलत बाजूला उडाले. गाव स्टेशनावर जमलं होतंच. शेजारचा कचरू ओरडला, "पळा तुळशीरामभाऊ! शंकरपटाची शर्यत जिंकली तुम्ही!"

ड्रायव्हरनं लोंबकळून ब्रेक दाबला, तेव्हा डबा बरोबर मालधक्क्याला टेकला. बैल उतरले. अंगावर धुळीचा कण नाही! तुळशीराम मात्र रुळावरच्या धुळीनं नखशिखांत माखलेला.

"तक्रारीचं बुक आना!" तो स्टेशनमास्तरवर गरजला. "मानसाले जुंपता? मी वरपर्यंत जाईन!"

मास्तरांनी बुक उघडलं. "लिहितो. पण इथं दोनच रकाने आहेत, उतारू आणि जनावर. तुम्हाला कशात धरू?"

तुळशीराम बैल घेऊन पाय आपटत घरी आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात, म्हणून जनकाबाई वाटी घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी बैलांचे खांदे पाहिले, मग नवऱ्याचा सोललेला, लालभडक खांदा.

बैलांना बाजूला सारून तिनं नवऱ्याच्या खांद्यावर लोणी थापलं आणि दोन्ही हात जोडले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"