अठ्ठावीस माणसांचं गरम पाणी

जयरामभाऊंनी पसंत करून आणलेली एकही वस्तू आजवर धड निघाली नव्हती. सोफा आणला तो दारातून आत जाईना, शेवटी अंगणातच पावसात कुजला. मिक्सर आणला तो खोबरं वाटायच्या ऐवजी आढ्याला उडवायचा. ही सगळी यादी त्यांच्या बायकोला, गोजाबाईला तोंडपाठ होती आणि भाऊ बाजाराला निघाले की उंबऱ्यात उभी राहून ती एकदा म्हणून दाखवायची.

पण या खेपेला भाऊ इरेला पेटले होते. भातसानगरच्या धरणावरून तीस वर्षांनी रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी गोजाबाईने घरचा तांब्याचा बंब त्यांच्या ताब्यात दिला. तिचे गुडघे धरलेले. डॉक्टरने सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ पाय गरम पाण्यात सोडून बसा. तेव्हा लाकडं फोडा, बंब पेटवा, फुंकून फुंकून डोळे लाल करून घ्या, हे सगळं भाऊंच्या गळ्यात. अहो, ज्या माणसाने साऱ्या मुंबईला पाणी सोडलं, त्याने एका बादलीसाठी धूर गिळावा?

तशात २००९च्या एप्रिलमध्ये कल्याणच्या एका प्रदर्शनात त्यांना हीट पंप दिसला.

"काका, गिझर वीज जाळून पाणी तापवतो," टाय लावलेला विक्रेता म्हणाला. "हा हवेतली गरमी ओढतो आणि पाण्यात सोडतो. बिल एकदम कमी."

"हवेतली गरमी?" भाऊंनी कपाळाचा घाम निपटला. "मग आमच्या शहापुरात मालाला तोटा नाय."

"केवढा देऊ? घरात आंघोळीला माणसं किती?"

इथे घोळ झाला. घरात माणसं दोन. मुलगा रत्नदीप आणि सून श्वेता डोंबिवलीला. पण घर म्हणजे दोघांचं, असं त्यांच्या भावकीत कोणीच मानत नव्हतं. बुद्धपौर्णिमेला सगळे त्यांच्याकडेच उतरायचे. भाऊंनी मुरबाडच्या बहिणीपासून बोटं मोजायला सुरुवात केली आणि ठासून सांगितलं, "अठ्ठावीस."

विक्रेता भाऊंच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिला. त्याने पाचशे लिटरचा आकडा लिहिला.

टेम्पोतून टाकी उतरली तेव्हा गोजाबाईने कपाळावर हात मारला. "अवो, हे काय? माझे गुडघे भिजवायचेत का हत्तीन पाळायची हाय?"

"बघ तर गो तू!"

"बघते. पौर्णिमेपर्यंत बघते. फसलात तर ह्यापुढं घरात चमचाबी मी पसंत करनार. आनि बंब तुमीच पेटवायचा, मरेपर्यंत."

टाकी न्हाणीच्या मागे बसली. यंत्राला मोकळी हवा लागते म्हणून ते ओटीवर बसवलं. संध्याकाळी गोजाबाईने बादलीत पाय सोडले. धूर नाही, फुंकणी नाही आणि पाणी कढत! भाऊंची छाती फुगली. पण खरी गंमत ओटीवर होती. हवेतली गरमी ओढून घेतली की उरतं काय? गारवा! यंत्राच्या तोंडातून गारेगार वारा येत होता. पुढच्या पाड्यातला महिपत बिडी मागायला आला तो बिडी विसरून तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी ओटीवर नऊ माणसं होती. वैशाखातली दुपार, पत्रे तापलेले, आणि इथे काश्मीर! एवढ्यात यंत्र बंद पडलं.

"का रे जयरामा, बंद केलंस?" महिपतने विचारलं.

भाऊंनी फिटरला फोन लावला. टाकीतलं पाणी तापलं की यंत्र थांबतं, म्हणे. गरम पाणी वापरा, आत गार पाणी शिरेल, मग सुरू होईल.

"म्हंजे कुनीतरी आंघोळ कराय पायजे," भाऊ म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. भर वैशाखात कढत पाण्याने आंघोळ कोण करणार? शेवटी शेजारचा महादू उठला. चार बादल्या अंगावर घेतल्या तेव्हा कुठे यंत्र घुरघुरलं. महादू बाहेर आला तो लालबुंद, घामाने निथळत. "सरका रे, मला म्होरं बसूं द्या, जीव चाललाय!" त्याचा घाम सुकेपर्यंत यंत्र पुन्हा थांबलं. मग त्याला गार करायला महिपत आत गेला, आणि महिपतला गार करायला आणखी कोणी. आठवड्याभरात पाळ्या लागल्या. वाऱ्याला बसायचं तर आधी आंघोळ, असा नियमच झाला. महादूच्या पाठीची साल निघायला आली, पण पठ्ठ्या हटेना.

पौर्णिमा उजाडली. विहारातली वंदना आटोपून पांढऱ्या कपड्यांतली सगळी भावकी घरी आली. मोजून अठ्ठावीस! भाऊंनी विजयी मुद्रेने गोजाबाईकडे पाहिलं. खीर खाऊन मंडळी ओटीवर दाटीवाटीने बसली.

"दादा, असला कूलर आख्ख्या मुरबाडात नाय!" बहीण म्हणाली.

"कूलर नाय गो, पानी तापवायचं—"

ऐकतंय कोण? महिपतने नियम समजावून सांगितला आणि पाहुणे हौसेने टॉवेल घेऊन रांगेत उभे राहिले. कोणी एकदा आंघोळ केली, कोणी दोनदा. वारा एकदाही थांबला नाही.

संध्याकाळी गोजाबाई गुडघे चोळत न्हाणीत गेली आणि रिकामी बादली घेऊन बाहेर आली. सगळ्या ओटीसमोर तिने ती भाऊंच्या पुढ्यात आपटली.

"अठ्ठावीस मानसं न्हाली. मला तांब्याभर गरम पानी नाय!"

भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. ते माळ्यावर चढले, बंब खाली काढला, लाकडं फोडली. फुंकताना डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं होतं म्हणा, पण सगळंच धुराचं नव्हतं.

कढत बादली त्यांनी ओटीवर आणून ठेवली. गोजाबाई यंत्रापुढे बसली, पाय पाण्यात सोडले. खाली ऊन ऊन पाणी आणि तोंडावर थंडगार वारा. तिने डोळे मिटले.

"चुकलो गो," भाऊ हळूच म्हणाले. "विकून टाकतो."

"खबरदार हात लावाल तर! जन्मात एक चीज बरोबर आनलीत."

भाऊंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. "खरं?"

"खरं. पन पाय शेकायला पानी बंबाचंच हवं. धुराचा वास असल्याबिगर गुडघ्याला पटत नाय."

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. भाऊंनी बंब पेटवला, बादली आणली, गोजाबाई पाय सोडून बसली. तेवढ्यात यंत्र थांबलं. तिने एक डोळा उघडला.

"बंद का पडलं?"

"पानी तापलं," भाऊ म्हणाले.

गोजाबाईने दोरीवरचा टॉवेल ओढला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला.