पान लिहायला लिफ्ट हवी

मुलीच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे लिफ्टवाल्या काकांच्या लक्षात आलं तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि आजचं पान अजून कोरं होतं.

काकांनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. काम झालं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवायची, वही भिंतीला टेकवायची आणि काय बिघडलं, काय केलं ते उभ्या उभ्या लिहायचं. मध्ये थांबवली की कुणी डोकावून "झालं का?" असं विचारत नाही. लिहिण्याशी त्यांचा संबंध एवढाच. पण बायकोने जाण्याआधी दवाखान्यात त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. "तुम्ही कुणाशी बोलणार नाही, मला माहितेय. रोज एक पान मला लिहा. एकही दिवस चुकवायचा नाही."

पहिल्या दिवशी काका टेबलाशी बसले, "आज" एवढं लिहिलं आणि तासभर पेनाकडे बघत राहिले. शेवटी वही घेऊन लिफ्टमध्ये गेले. पान दहा मिनिटांत भरलं.

त्याला आता दोनशे तेरा दिवस झाले होते. शेजाऱ्यांना सवय झाली होती. सव्वादोन ते अडीच सगळे जिन्याने जात. बहिणीकडे गेले तेव्हा काकांनी स्टेशनच्या लिफ्टमधून नऊ फेऱ्या मारून पान पुरं केलं होतं. आज मात्र सकाळपासून बसमध्ये होते.

"बाबा, कपाटात उभं राहून बघा ना," मुलगी म्हणाली. "तेवढंच असतं की."

काका कपाटात उभे राहिले. मुलीने दार लावलं.

"सुचतंय?"

"नाही."

"का?"

"थांबलेली लिफ्टही जराशी हलते. हे हलत नाही गं."

"मी हलवू?"

मुलीने कपाट हलवलं. वरून दोन सुटकेस आणि एक टेबलफॅन खाली आला. काका वही सांभाळत बाहेर आले आणि तसेच चपला घालून रस्त्याला लागले.

कोपऱ्यावर सहा मजली कचेरी होती. दारात रखवालदार.

"कुणाकडे?"

"लिफ्टकडे," काका म्हणाले. खोटं बोलायचं त्यांना सुचत नसे.

रखवालदाराचा चेहरा उजळला. "या या, मिस्त्री! सकाळपासून फोन करतोय. डावीकडची खडखडतेय."

"मी रिटायर झालोय."

"झालात तर झालात. कान तर शाबूत आहेत ना? ऐकून तरी बघा."

काका डावीकडच्या लिफ्टमध्ये शिरले. खडखड होती खरी. दुसऱ्या मजल्यावर एक साहेब आत आले. ते या इमारतीचे व्यवस्थापक होते. काकांनी त्यांना नीट पाहिलंच नाही. त्यांच्या डोक्यात पहिलं वाक्य आलं होतं. तिसरा मजला सुटला तसं त्यांनी सवयीने लाल बटण दाबलं, वही भिंतीला टेकवली आणि लिहायला लागले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं काय?"

"पान आहे एक."

साहेबांनी घंटेचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. खालून रखवालदाराचा आवाज आला, "घाबरू नका साहेब! मेकॅनिक आतच आहे!"

"तो लिहितोय!" साहेब ओरडले.

"मग बिघाड सापडला असेल!"

काकांनी साहेबांची अवस्था पाहिली, पान अर्धवट सोडलं आणि लाल बटण पुन्हा दाबलं. काही झालं नाही. ओढलं. मुठीने ठोकलं.

"आमच्या वेळी ओढलं की चालू व्हायची," काका म्हणाले.

"आणि आता?"

"आता वरच्या खोलीतून चालू करावी लागत असणार. नवीन आहे ही."

साहेब मटकन खाली बसले. पुढचा पाऊण तास काकांचं पान अर्धंच राहिलं, कारण त्यांचा लिहायचा हात साहेबांनी धरला होता.

खरा मेकॅनिक आला, दोघे बाहेर निघाले. बाहेरची हवा लागताच साहेब पुन्हा साहेब झाले. त्यांनी काकांना आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, पुढे कागद ठेवला. "लिफ्ट का थांबवली, ते लिहून द्या. त्याशिवाय सोडणार नाही."

काकांनी "आज" एवढं लिहिलं. वीस मिनिटं गेली.

"पुढे?"

"बसून मला सुचत नाही. लिफ्टमध्ये जाऊन लिहिलं तर चालेल?"

साहेबांना घरी जायचं होतं. त्यांनी उजवीकडची लिफ्ट खालच्याच मजल्यावर थांबवायला लावली. दारात रखवालदार उभा केला. कचेरी सुटायची वेळ होती. सहाही मजल्यांवरची माणसं पिशव्या, डबे आणि छत्र्या घेऊन जिन्याने उतरू लागली.

"ही का बंद?" एकाने विचारलं.

"ती का बंद पडली, ते लिहायचं चाललंय," रखवालदाराने सांगितलं.

आत गेल्यावर काका तो कागद विसरले. त्यांनी वही उघडली आणि राहिलेलं अर्धं पान सरसर पुरं केलं. साहेब आत आले.

"झालं?"

"झालं. पण ते वहीत झालं."

"चालेल. त्यात सगळं आहे ना?"

"सगळं आहे."

साहेबांनी वही ओढून घेतली. एका हाताने पान धरलं, दुसऱ्याने वही. काका पुढे झाले.

"फाडू नका हो. दोनशे तेरा दिवसांत एकही चुकलेलं नाही. बायकोला लिहितो मी. ती गेली."

साहेब थांबले. "असं आहे," ते हळूच म्हणाले. "पण फाईलला काहीतरी लागतंच ना काका." आणि फाडण्याआधी काय फाडतोय ते बघावं म्हणून खालचं अर्धं पान वाचू लागले.

'अगं, आज एका साहेबाला अडकवलं. घामाघूम झाला बिचारा. माणूस चांगला आहे. मला म्हणाला, कुणाला सांगू नका, पण मला बंद जागेची भीती वाटते. मग त्याने माझा हात धरला आणि आईला हाक मारली. दोनदा.'

दारातून रखवालदार मान लांब करून बघत होता. साहेबांनी वही फटकन मिटली.

"हे फाईलला लागणार नाही."

"मग नेऊ?"

"न्या. फक्त शेवटी एक ओळ घाला." साहेबांनी आवाज खाली आणला. "साहेब शेवटपर्यंत शांत होते."

काकांनी वही छातीशी धरली. "तिला मी खोटं लिहीत नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. "बरं. मग एवढं तरी लिहा, की घाबरला, पण माणूस चांगला होता."

"ते आहे की," काका म्हणाले. "तिसरं वाक्य."