मिलिसावने तापवलेली खोली

संत योव्हानच्या दिवशी सकाळी आठ वाजता घर उबदार ठेवणारे गरम पाण्याचे सहा रेडिएटर हात भाजेल इतके तापले होते, आणि सातवा, मोठ्या खोलीतला, मेलेल्या माशासारखा गार होता. पाहुणे बसणार होते ते नेमके त्याच खोलीत.

रोसांदाने त्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि नवऱ्याला हाक मारली, "मिलिसाव! ये, बघ तुझं हीटिंग!"

योव्हान हा या घरचा संत, आणि घरच्या संताच्या दिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, त्यामुळे 'आज नको' असं कळवायचीही सोय नसते. पण बाकीचे आले काय, न आले काय, रोसांदाचं लक्ष बाराच्या बसकडे होतं. त्या बसने सुनेची आई, ल्युबिंका, पहिल्यांदाच या घरी येणार होती. शहरातली बाई. लग्नाच्या जेवणात ती चारचौघांत म्हणाली होती, "आमची तियाना गारठणार हो त्या गावात." रोसांदाने ते सव्वा वर्ष गिळून ठेवलं होतं. आज त्या बाईने घाम पुसत कोट काढलेला तिला बघायचा होता.

"हवा अडकलीय," मिलिसाव दारातूनच म्हणाला. त्याला लांबूनच कळत असे.

"भांडं घे मग खाली धरायला."

"हवेला कशाला भांडं?"

त्याने वरचा स्क्रू सैल केला. हवा नव्हतीच. काळ्याकुट्ट पाण्याची बारीक धार उडाली ती थेट परवाच चुना लावलेल्या भिंतीवर.

"हवा काळी असते होय रे?" रोसांदाने विचारलं.

मिलिसावने स्क्रू आवळला, भिंतीकडे पाठ केली आणि विचार केला. "पाणी आळशी असतं, रोसांदा. जवळचा रस्ता धरतं. बाकीचे सहा बंद केले की झक मारत इकडे येईल."

हे ऐकायला बरोबर वाटलं, हीच पंचाईत झाली. सहाही बंद केले. पण खाली तळघरात बॉयलर ओकच्या ओंडक्यांनी गच्च भरलेला, आणि लाकडाची आग काही बटण दाबून विझत नाही. पाण्याला जायला जागा उरली नाही. ते उकळलं. भिंतीत कोणाला कोंडून ठेवल्यासारखे पाइप धडधडायला लागले. मग पाणी माळ्यावरच्या टाकीत चढलं, तिथून उतू जाऊन वळचणीखालच्या नळीतून बाहेर पडलं, ते दारापुढच्या पायऱ्यांवर. बाहेर शून्याखाली नऊ. पाव तासात पायऱ्यांची काच झाली.

त्या काचेवरून पहिला घसरला तो शेजारचा ड्रागुतिन. खालच्या पायरीवर बसकण मारूनही त्याने आणलेली दारूची बाटली हातभर उंच धरली होती.

"वहिनी, पाहुणे नको असतील तर तोंडाने सांगा की!"

ड्रागुतिन चाळीस वर्षं साखर कारखान्यात होता. पाइपातलं त्याला सगळं कळतं असा गावाचा समज होता, आणि तो त्यानेच करून दिलेला होता. पण कोरड्या घशाने तो कधी पाइपाकडे बघत नसे. दोन पेले प्लमची दारू पोटात गेल्यावर त्याने निकाल दिला.

"पाणी फिरवणारा पंप अडकलाय. पान्याचा एक फटका देऊ. नाहीच ऐकलं तर रेडिएटर उतरवू आणि गाळ काढू."

"कुठे काढणार गाळ?"

"इथेच. खोलीत."

"माझ्या खोलीत रेडिएटर उतरवलास ना, ड्रागुतिन, तर आधी मी तुला उतरवीन."

तियानाने पायऱ्यांवर राख टाकली, सहाही रेडिएटर पुन्हा उघडले. साडेअकरा झाले. दोघे कारागीर पाना घेऊन तळघरात गेले आणि रोसांदा फडकं घेऊन मोठ्या खोलीत काळं पाणी पुसायला बसली.

रेडिएटरखाली पुसता पुसता फडकं कशाला तरी अडकलं. खालच्या टोकाला एक पितळी टोपी होती. रोसांदा त्या टोपीकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळावर घाम आला, खोली गार असूनही.

नोव्हेंबर. डुक्कर कापलं तेव्हा. हिवाळ्यात ही खोली कोणी वापरत नाही. सॉसेज, केक, डुकराच्या पायांच्या गोठवलेल्या रश्शाच्या थाळ्या, सगळं इथेच राहतं, फ्रिजपेक्षा चांगलं. रेडिएटरची वरची मूठ बंद करूनही खोली गार राहील असा तिचा भरवसा बसला नव्हता, म्हणून तिने ही टोपी काढून आतला स्क्रू सुरीने घट्ट आवळला होता. परवा चुना लावायला खोली रिकामी केली, काल रात्री वरची मूठ उघडली. खालचं तिच्या ध्यानातूनच गेलं.

तिने टेबलावरची सुरी उचलली, दाराकडे बघितलं आणि स्क्रूला तीन उलटे फेरे दिले. रेडिएटरने ढेकर दिली. पाइप कोमट झाला, मग गरम. त्याच क्षणी तळघरातून पाना आपटल्याचा ठणठणाट आला.

ती उठली तर दारात तियाना, हातात थाळी.

"मी काही बघितलं नाही, आई."

"बघण्यासारखं होतं काय? ठेव ती थाळी."

दोघे धापा टाकत वर आले. मिलिसावने रेडिएटरला हात लावला आणि चटकन काढून घेतला. "एक फटका! बघितलंस? एकच!"

रोसांदाने तोंड उघडलं. याने काही केलं नाही असं सांगायचं, तर कोणी केलं होतं तेही सांगावं लागणार होतं. लग्नाच्या चौतीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं तोंड रिकामंच मिटलं.

बाराच्या बसने ल्युबिंका आली. दहा मिनिटांत तिने कोट काढला, पाव तासात स्वेटर. "बाई गं, केवढं उकडतंय तुमच्याकडे!" ती म्हणाली. रोसांदाला हे वाक्य नीट चघळायचं होतं, पण मिलिसाव खुर्चीमागे उभा राहून पंपाची हकीकत सांगत होता. तिसऱ्यांदा. आता फटक्याचा कोनही त्यात आला होता.

"व्याही, असं माणूस घरात असायला नशीब लागतं," ल्युबिंका म्हणाली. "आमच्या न्हाणीघरातला रेडिएटर दोन वर्षं थंड आहे. चार जण येऊन बघून गेले. तुम्हीच या ना एकदा."

"उद्याच येतो," मिलिसाव कानापर्यंत लाल होऊन म्हणाला.

तियानाने सुपाच्या भांड्यावरून सासूकडे बघितलं. एका वाक्यात तिच्या आईचं घर वाचलं असतं. पण ते वाक्य नोव्हेंबरपासून सुरू करावं लागलं असतं.

रोसांदाने कोबीच्या पानातल्या खिम्याची सगळ्यात मोठी गुंडाळी शोधून विहिणीच्या ताटात वाढली.

"न्या की त्याला, विहीणबाई," ती म्हणाली. "आणि परत पाठवायची घाई करू नका, चांगला आठवडाभर ठेवून घ्या. एकदा हात घातला की त्याला एका रेडिएटरवर थांबवत नाही."