पगार पुरण्यात पहिला नंबर

खाणीत ड्रिल चालवणाऱ्या एका कामगाराच्या घरी पाहणी अधिकारी आला. कोणत्या खाणवस्तीत कामगाराचा पगार तिथल्या राहणीखर्चाच्या मानाने सर्वाधिक पुरतो, हे त्याला शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवायचं होतं.

“डॉक्टरवर किती जातात?”

“डॉक्टरच नाही हो इथे,” ड्रिलवाला खोकत म्हणाला.

“म्हणजे शून्य!” अधिकाऱ्याची कळी खुलली. “मुलीची शाळा?”

“चौथीपुढे शाळा नाही. घरीच असते.”

“शून्य. बसभाडं?”

“बस आली तर देऊ ना,” बायको आतून म्हणाली.

“वा, वहिनी! काटकसर शिकावी तर तुमच्याकडून.”

वस्तीचा देशात पहिला नंबर आला. मॅनेजरसाहेबांनी फाटकावर कमान उभारली, भाषण ठोकलं आणि ठरलेली पगारवाढ रद्द केली. आधीच पुरून उरणाऱ्या पगारात भर घालणं अर्थशास्त्राला धरून नव्हतं.

पुढे ड्रिलवाल्याच्या खोकल्यातून रक्त पडलं. बायकोने त्याला जवळजवळ ढकलतच ऑफिसात पाठवलं.

“साहेब, वस्तीत एखादा दवाखाना...”

“उघडू की! पण उघडला की तुम्ही जाणार, गेलात की खर्च होणार. मग नंबराचं काय?”

तो घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारचा सुरुंगवाला दारातच उभा होता. दोघांनी अर्धं आयुष्य एकाच बोगद्यात काढलेलं.

“दादा, आत्ता कुठे वस्तीला चार लोक ओळखायला लागलेत. माझ्या मुलाचं लग्न या नावावर जमलंय. तू जरा बेताने खोक ना.”

ड्रिलवाल्याला ते पटलं. शेजाऱ्याचं मन मोडणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो तोंडावर उशी धरून बेताने खोकू लागला, आणि हिवाळा सरायच्या आत खोकला कायमचा थांबला.

पुढच्या वर्षी अधिकारी पुन्हा आला.

“घरात माणसं किती?”

“मी आणि मुलगी.”

“खाणारं एक तोंड कमी झालं म्हणायचं. मग खाणीने दिलेली भरपाई चांगलीच पुरत असेल?”

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. त्याने ‘समाधानी’ असं लिहून घेतलं.

पहिला नंबर टिकला. पेपरात तशी बातमीही आली. ती वाचताना भाजी महागल्याची कुरकुर तुम्ही मध्येच थांबवलीत आणि पान उलटता उलटता घरच्यांना म्हणालात, “मजा आहे बुवा खाणवाल्यांची!”