अप्पांचा अर्धा देव

आमच्या शेजारचे रंगनाथअप्पा रोज संध्याकाळी म्हसोबाला गावची खबर देतात. नमस्कार नाही, नवस नाही. टेंभुर्णीच्या शिवारातल्या त्या शेंदरी दगडासमोर फतकल मारून बसायचं आणि सुरू करायचं, "सोयाबीन काढून राह्यले लोक. पाटलाची म्हैस व्याली. बराबर का?"

एकदा मी म्हणालो, "अप्पा, देवाला सगळं ठाऊक असतं."

"बिलकुल न्हाई," अप्पा म्हणाले. "निस्ता दगड व्हता तो. गावात पटकी आल्ती, तवा लोक त्याच्याम्होरं रडले, मंग देव झाला. मानसांचं जे घडतं ना, त्यातूनच तो बनून राह्यला. सांगायचं थांबलं की अर्धाच राह्यचा."

देवाच्या या शिक्षणापायी गावाची मात्र पंचाईत झाली. अप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून ते बोलतात खड्या आवाजात. सरपंचांनी गुपचूप पक्ष बदलला, ते आधी म्हसोबाला कळलं आणि पाठोपाठ शेजारच्या रानात कापूस वेचणाऱ्या बायांना. सरपंच हात जोडत आले, तर अप्पांनी त्यांनाच फैलावर घेतलं, "देवापासून लपवायचं? मंग त्यानं वाढायचं कसं?" स्वतःच्या मूळव्याधीचीही खबर त्यांनी देवाला अशीच दिली होती.

श्रावणात शांताकाकू, अप्पांच्या मंडळी, तापानं गेल्या. दवाखान्यात न्यायला जीप मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावं झालं आणि अप्पा पुन्हा म्हसोबाकडे निघाले. घर त्यांना खायला उठायचं. मीही सोबत जाऊ लागलो.

मूग, पाऊस, कुणाचा साखरपुडा, सगळं निघायचं. काकूंचं नाव तेवढं निघेना. यांच्याच्यानं बोलवत नसेल, असं मला वाटलं. ओझं आपणच उतरवावं म्हणून एका संध्याकाळी मी हात जोडले. "देवा, आपल्या शांताकाकू..."

अप्पांनी माझं मनगट धरलं.

"सांगू नको," ते म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "त्याच्या लेखी ती अजून घरी हाय. भाकरी थापून राह्यली."

माझ्या तोंडातून गेलंच, "पण अप्पा, मग तुमचा देव अर्धाच राहील की."

"राहू दे," ते म्हणाले. "मी तरी कुठं पुरा राह्यलो?"