द्रुता आणि लिंबाचा निकष

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये नाशिकची पहिली स्वदेशी स्पोर्ट्‌स कार तयार झाली, तेव्हा सर्व बाजूंनी समाधान व्यक्त झाले. फक्त खालच्या बाजूला तेवढी जागा नव्हती.

तिचे रेखाटन माझे. संध्याकाळी पांडवलेण्यांच्या डोंगराची कड आकाशातून उतरत येते आणि जमिनीला टेकण्यापूर्वी क्षणभर थबकते. ती रेषा मी कॉलेजपासून मनात बाळगून होतो. माणसांशी बोलायला मी लाजतो. जे कोणाला सांगता आले नाही, त्याची मी गाडी केली. पत्रा घडवला शौकतभाईंनी. खर्च उचलला गंगाधररावांनी, जे द्राक्षे निर्यात करता करता देशभक्त झाले होते. गाडीचे नाव ‘द्रुता’. माझी इच्छा एवढीच, की मी काढली त्या उंचीवर तिला एकदा तरी त्र्यंबक रस्त्यावरून धावताना पाहावे.

लोकार्पणाच्या दिवशी गुरुजींनी चारही चाकांखाली लिंबे ठेवली. द्रुता गुरगुरली, निघाली. तीन लिंबे विधिवत चिरडली. चौथे निसटून गाडीच्या पोटाखाली अडकले आणि असा काही आवाज आला, की सनईवाल्याने सनई थांबवली.

“अपशकुन,” गुरुजी म्हणाले.

“अपशकुन कसला गुरुजी, गाडीच खाली आहे,” शौकतभाई म्हणाले. “रेसची गाडी आहे, खालीच असते.”

“असेल. पण लिंबू खालून जायला हवं,” गंगाधरराव म्हणाले आणि त्यांनी त्याच मांडवात एक समिती नेमून तिची बैठक घेतली. ‘कोणतेही मध्यम आकाराचे लिंबू विनाअडथळा पार होईल, इतके अंतर गाडीच्या पोटाखाली राखण्यात यावे,’ असा ठराव झाला. कामकाजात तो पुढे ‘लिंबू-निकष’ म्हणून मान्यता पावला. एका सदस्याने सोसायट्यांच्या दारातील गतिरोधकांचा मुद्दा मांडला. तेव्हा गतिरोधकाची उंची अधिक लिंबाची उंची, अशी बेरीज धरण्यात आली. कारण गतिरोधकावरही लिंबू पडलेले असू शकते.

“मयुरेश, तुझी हरकत?” गंगाधररावांनी विचारले.

मी मान हलवली. ती कोणत्या दिशेला हलली हे मलाही सांगता येणार नाही. अर्थ लावण्याचे अधिकार समितीकडे होते.

उंचावलेली द्रुता गंगापूर रोडच्या मैदानात प्रदर्शनास ठेवली गेली. माणसे रांगा लावून आली. तिच्या बॉनेटला रेलून त्यांनी फोटो काढले आणि नंतर माझ्याकडे वळून, आवाज किंचित खाली आणून, विचारले, “ॲव्हरेज किती देते?”

मी तिचा वेग सांगितला.

“वेग असू द्या हो. ॲव्हरेज?”

मी डोंगराच्या कडेविषयी सांगू लागलो. तोवर गंगाधररावांच्या पत्नी मालिनीताई दार उघडून आत डोकावल्या होत्या.

“अरे, यात सासूबाई कुठे बसणार? आम्ही दरवर्षी वणीला जातो देवीला. डबे, पाण्याचा जार, नैवेद्याचं सामान. आणि सासूबाईंना गुडघा दुमडत नाही.”

हा प्रश्न रास्त असल्याचे समितीने एकमताने मान्य केले. मागे एक बाक बसवण्यात आला. बाकावरच्यांची डोकी लागतात म्हणून छत वर गेले. सासूबाईंसाठी पायरी आली. छत वर गेलेच आहे तर वर कॅरियर असावा, हंगामात द्राक्षांचे क्रेट तरी जातील, असे पुढे आले. एवढे ओझे म्हटल्यावर डिझेल इंजिन ओघानेच आले.

प्रत्येक ठरावानंतर शौकतभाई हातोडा घेऊन माझ्यासमोर उभे राहत. एकदा, छत कापण्याच्या दिवशी, ते खाली बसले.

“मयुरेशभाऊ, देखो, एकदा तोंडाने ‘नाही’ बोला ना. एकदाच. अल्ला कसम, हा हातोडा मी इथेच ठेवतो. मग येऊ दे समितीला.”

शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. तिथे तो क्षणभर थबकला, त्या कडेसारखाच.

“बघू,” मी म्हणालो.

शौकतभाईंनी उसासा टाकून छत कापले.

सर्व सूचनांची पूर्तता झाल्यावर सूचना करणाऱ्यांना बोलावण्यात आले. त्यांनी द्रुतेला प्रदक्षिणा घातली. “छान आहे,” ते म्हणाले, “पण यात स्पोर्ट्‌स कारसारखं काय आहे? एवढ्या पैशात सरळ जीप नाही का घेणार माणूस?” एकही गाडी नोंदवली गेली नाही. समितीने उद्दिष्टपूर्ती झाल्याचे जाहीर करून स्वतःला विसर्जित केले. मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ द्रुतेच्या पोटाखालून सहज जात होता.

मागच्या आठवड्यात मी तिला भेटलो. सुरगाण्याचा पुंजा तिच्यातून प्रवासी नेतो. मी मागच्या बाकावर बसलो.

“सरका ना भाऊ, आजून चौघं बसतेत,” पुंजा म्हणाला. “गाडी लय दमदार हाय. नाव तेवढं कोणी काय ठिवलंय, काय की. आमी म्हस म्हणतो.”

मी मान हलवली आणि सरकलो.

दिंडोरी सोडल्यावर एक परदेशी गाडी आम्हाला ओलांडून गेली. लाल, जमिनीला जवळजवळ टेकलेली. टपावरच्यांसकट सगळ्यांचे मोबाइल बाहेर आले. “याला म्हणायची गाडी!” माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. “आपल्याकडं असलं काही बनतच नाही.” ती लिंबावरून गेली असती का, सासूबाई तिच्यात मावल्या असत्या का, हे कोणी विचारले नाही. ती वळणाआड गेली, आणि क्षणभर डोंगराची कड तेवढी उरली.

आपण इथवर वाचलेत, त्याबद्दल आभारी आहे. मात्र पहिल्या परिच्छेदापासून एक प्रश्न आपल्याही मनात घोळतो आहे, हे मला जाणवते. लाजू नका, लाजण्याचे परिणाम वर आलेच आहेत.

अठरा देते. चढावर चौदा.